गरोदरपणात आयर्नचं सलाइन: आधी काय तपासायचं, त्या दिवशी काय होतं आणि नंतर काय करायचं

हिमोग्लोबिन ८ आहे, गोळ्या चालू आहेत तरी वाढत नाही, म्हणून डॉक्टर म्हणतात, "सलाइनमधून आयर्न देऊ." हे ऐकून काही जणी घाबरतात. काही जणींना मात्र आता दोन दिवसांत हिमोग्लोबिन १२ होणार, असं वाटायला लागतं. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. सलाइन शिरेतून जायला अर्धा तास लागतो आणि एकूण उपचारातला तो सगळ्यात सोपा भाग आहे. उपचार लागू पडणार की नाही, हे त्याच्या आधीच्या तपासण्यांवर आणि नंतरच्या महिन्याभरावर ठरतं. म्हणून हा लेखही सुईपासून सुरू न होता रक्ताच्या रिपोर्टपासून सुरू होतो.

एक गोष्ट आधीच सांगते. आयर्नचं सलाइन म्हणजे रक्त चढवणं नाही. त्यात दुसऱ्या कुणाचं रक्त नसतं, रक्तगट जुळवावा लागत नाही. ते फक्त लोहाचं औषध असतं. बाटलीतला रंग गडद तपकिरी दिसतो, त्यामुळे हा गैरसमज होतो एवढंच.

पायरी १: नक्की कमी काय आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे गरोदरपणात हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमच्या खाली गेलं की अॅनिमिया समजतात. मधल्या तिमाहीत ही रेषा १०.५ धरतात आणि ७ च्या खाली तो तीव्र अॅनिमिया. मधल्या तिमाहीला सूट मिळते, कारण गरोदरपणात रक्तातलं पाणी जवळजवळ निम्म्याने वाढतं आणि लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात. रक्त पातळ झाल्याने आकडा थोडा उतरणं हे अपेक्षितच असतं. १०.८ बघून रडू येण्याचं कारण नाही.

लोह कमी पडतं ते गरजच मोठी असल्यामुळे. पूर्ण गरोदरपणात साधारण १,००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. बाळ आणि वार मिळून त्यातलं ३०० च्या आसपास घेतात, आईच्या वाढत्या लाल पेशींना ५०० च्या आसपास लागतं, बाकीचं शरीरातून रोज थोडं थोडं बाहेर पडतं. दिवस राहण्याआधीच साठा रिकामा असेल, तर सहाव्या-सातव्या महिन्यात त्याचा हिशेब समोर येतोच.

पण कमी हिमोग्लोबिन म्हणजे लोहच कमी, असं गृहीत धरू नका. बी-१२ किंवा फोलिक अॅसिड कमी असेल, थॅलेसेमिया मायनर (आई-वडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा जुनाट संसर्ग असेल, तरी हिमोग्लोबिन उतरतं. अशा वेळी शिरेतून कितीही लोह दिलं तरी आकडा हलत नाही. म्हणून सलाइन ठरवण्याआधी निदान एवढं हातात असावं:

- सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी. त्यात एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार बघा. लोहाच्या कमतरतेत तो ८० च्या खाली जातो, बी-१२ च्या कमतरतेत वाढतो. दोन्ही कमी असतील तर एमसीव्ही मधेच कुठेतरी दिसतो आणि फसवतो.
- फेरिटिन. हा साठ्याचा आकडा. गरोदरपणात ३० च्या खाली असेल तर साठा रिकामा किंवा रिकामा होत आलेला आहे असं बहुतेक डॉक्टर मानतात, १५ च्या खाली तर शंकाच उरत नाही. मात्र ताप, संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं. त्या वेळी सोबत सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, करून घेतलेली बरी.
- हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी, जिला लॅबमध्ये एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. एमसीव्ही खूप कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र चांगली किंवा जास्त, असं दिसलं तर ही करायलाच हवी. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईलाही लोह कमी असू शकतं, पण ते फेरिटिनने सिद्ध झाल्याशिवाय तिला लोह ओतत राहू नये. आणि हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर बाळाच्या वडिलांची तपासणीही लगेच करावी लागते.

माझं मत स्पष्ट आहे. फेरिटिनशिवाय सलाइन ठरवणं म्हणजे अंदाजाने काम करणं. कधी कधी तपासणीची सोयच नसते, तेव्हा डॉक्टर पेशींच्या आकारावर आणि एकूण चित्रावर निर्णय घेतात, ते समजण्यासारखं आहे. पण सोय असताना ती टाळू नका.

याचा पुरावाही आहे. मलावीमध्ये आणि नायजेरियात गरोदर स्त्रियांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष २०२३ आणि २०२४ मध्ये आले. दोन्हींत एका गटाला शिरेतून लोह, दुसऱ्या गटाला गोळ्या. ३६व्या आठवड्यात लोहाची कमतरता सलाइनच्या गटात स्पष्ट कमी होती, पण अॅनिमिया असलेल्यांच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. या स्त्रिया हिमोग्लोबिन बघून निवडल्या होत्या, फेरिटिन बघून नाही. ज्यांचं कारण वेगळं होतं, त्यांचं हिमोग्लोबिन लोहाने कसं वाढणार?

पायरी २: गोळ्या खरंच निकामी ठरल्या का?

डॉक्टरांना हे सांगताना कुणाचीही लाज बाळगू नका: गोळ्या घेतल्या की डब्यातच राहिल्या? मळमळ, पोटात जळजळ, बद्धकोष्ठता यांमुळे गोळ्या सोडणाऱ्या खूप जणी असतात. शौचाला काळसर होत नसेल, तर गोळी पोटात जातच नाहीये असा अंदाज डॉक्टर मनातल्या मनात बांधतात. गोळी सोसत नाही हे सलाइनसाठी पुरेसं कारण आहे, त्यामुळे लपवण्यासारखं त्यात काही नाही.

घेत असाल आणि तरी फरक नसेल, तर कशी घेता ते तपासा. गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली, वर चहा-कॉफी घेतली, अॅसिडिटीचं औषध रोज चालू आहे, तर लोहाचं शोषण बरंच घटतं. चहा-कॉफीपासून तासाभराचं आणि कॅल्शियमपासून निदान दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तास जाऊ द्या, कारण लोह तिचंही शोषण बिघडवतं.

पाकिटावर लोहाचं संयुग (उदा. फेरस फ्युमरेट) किती मिलिग्रॅम आहे हे मोठ्या अक्षरात असतं, प्रत्यक्ष लोह किती हे बारीक अक्षरात. २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असतं. दिवसातून तीन-तीन गोळ्या घेऊनही तिप्पट फायदा होत नाही. लोहाचा डोस पोटात गेला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचा सुमारे एक दिवस आतडं लोह आत घ्यायला कुरकुरतं. म्हणून दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड गोळी घेणं अनेकींना जास्त मानवतं.

नीट घेतलेल्या गोळीने दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढायला हवं. तसं वाढत असेल तर सलाइनचा आग्रह धरू नका. गोळीने काम होत असताना शिरेत सुई घालण्यात शहाणपण नाही.

पायरी ३: सलाइन कुणाला, कधी आणि कुणाला नाही

गोळ्या सोसत नाहीत, नीट घेऊनही आकडा वाढत नाही, आतड्याचा आजार किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे लोह शोषलंच जात नाही, किंवा प्रसूती जवळ आली आहे आणि गोळ्यांना पुरेसा वेळ उरलेला नाही. ही चार मुख्य कारणं. हिमोग्लोबिन ७-८ च्या आसपास घुटमळत असेल तर बरेच डॉक्टर गोळ्यांची वाट न बघता थेट सलाइनकडे वळतात.

पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत. त्या काळातल्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही आणि तेव्हा गोळ्यांसाठी वेळही हातात असतो. तेरा आठवडे झाल्यावर विचार करायचा.

याआधी आयर्नच्या इंजेक्शनची गंभीर अॅलर्जी आली असेल, शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असेल किंवा यकृताचा मोठा आजार असेल, तर सलाइन नको. अंगात ताप किंवा चालू संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबतात, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. दमा, इसब, अनेक औषधांची अॅलर्जी किंवा संधिवातासारखा आजार असेल तर सलाइन देता येतं, पण डॉक्टरांना ते आधी माहीत असायला हवं. ही यादी स्वतःहून सांगा, कुणी विचारण्याची वाट बघू नका.

दम लागतोय, छातीत धडधडतंय, पायांवर आणि चेहऱ्यावर सूज आहे आणि हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच रुग्णालय गाठा. अशा वेळी, विशेषतः शेवटच्या आठवड्यांत, रक्तच चढवावं लागू शकतं. लोहाने पेशी तयार व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ तेव्हा नसतो.

पायरी ४: कोणतं औषध आणि किती

किती लोह लागेल याचं एक जुनं, अजूनही वापरलं जाणारं सूत्र आहे, गँझोनींचं:

वजन (किलो) × (हवं असलेलं हिमोग्लोबिन − आत्ताचं हिमोग्लोबिन) × २.४ + साठ्यासाठी ५००

वजन गरोदरपणाच्या आधीचं किंवा सुरुवातीचं घेतात. समजा वजन ५० किलो, हिमोग्लोबिन ७.५ आणि ते ११ पर्यंत न्यायचं आहे. ५० × ३.५ × २.४ म्हणजे ४२०, त्यात ५०० मिळवले की ९२० मिलिग्रॅम. याच बाईसाठी लक्ष्य १५ धरलं तर उत्तर १,४०० येतं. त्यामुळे दोन डॉक्टरांचे आकडे वेगळे आले तर लगेच कुणीतरी चुकलंय असं समजू नका, त्यांनी लक्ष्य कोणतं धरलंय ते विचारा. काही औषधांसाठी सूत्राऐवजी वजन आणि हिमोग्लोबिनचा तयार तक्ताही वापरतात.

आता औषधं. आयर्न सुक्रोज हे जुनं आणि भरपूर वापरलेलं. एका वेळी २०० मिलिग्रॅम, आठवड्यात जास्तीत जास्त तीनदा. म्हणजे वरच्या ९२० साठी पाच फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, पण वजनाची मर्यादाही असते, दर किलोला १५ मिलिग्रॅम, काही देशांत २०. पुढचा डोस लागला तर आठवड्याने. म्हणजे काम एक-दोन फेऱ्यांत उरकतं. फेरिक डेरिसोमाल्टोज दर किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत, बहुधा एकाच बैठकीत. आयर्न डेक्स्ट्रान हे जुनं औषधही आहे, पण बाकीचे पर्याय आल्यापासून गरोदरपणात ते मागे पडलं आहे.

यातलं "सगळ्यात भारी" कोणतं, असं विचारण्यापेक्षा आपल्याला किती वेळा येणं जमेल ते आधी ठरवा. सुक्रोज चांगलंच औषध आहे. पण पाचपैकी दोन फेऱ्या करून घरी बसलं तर मिळालेलं लोह ४०० आणि गरज ९२० ची, आणि मग महिन्याने "सलाइन घेऊनही वाढलं नाही" अशी तक्रार होते. लांबून यावं लागत असेल, घरी लहान मूल असेल, सोबतीला कुणी नसेल, तर कमी फेऱ्यांचं औषध मागा. उलट कार्बोक्सिमाल्टोजमुळे काहींच्या रक्तातलं फॉस्फेट उतरतं, विशेषतः डोस पुन्हा पुन्हा दिल्यावर. हिमोग्लोबिन सुधारूनही थकवा वाढला, स्नायू दुबळे वाटले किंवा हाडं दुखायला लागली, तर फॉस्फेट तपासायला सांगा.

पायरी ५: सलाइनचा दिवस

उपाशी जायचं नाही. नेहमीसारखं खाऊन, पाणी पिऊन, सैल बाह्यांचे कपडे घालून जा. जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी बरोबर ठेवा.

जागा मात्र नीट निवडा. जिथे अॅलर्जीची रिअॅक्शन आली तर लगेच उपचार करता येतील, म्हणजे अॅड्रेनालिन (गंभीर अॅलर्जीवरचं इंजेक्शन), ऑक्सिजन आणि ते वापरता येणारा माणूस हजर आहे, तिथेच हे घ्यायचं. सिस्टर घरी येऊन लावून देतील, असा प्रस्ताव कितीही सोयीचा वाटला तरी तो नाकारा.

आधी बीपी, नाडी आणि बाळाचे ठोके बघतात. मग शिरेत सुई लावून ती बरोबर बसली आहे का ते साध्या सलाइनने तपासतात. ही पायरी घाईत सुटू देऊ नका. लोह शिरेबाहेर त्वचेखाली झिरपलं तर तिथे तपकिरी डाग पडतो आणि तो कित्येक महिने राहतो, कधी कायमचाही. म्हणून ड्रिप चालू असताना सुईच्या जागी आग झाली, दुखलं किंवा फुगलं, तर त्याच क्षणी आवाज द्या. हात हलवायचा नाही, त्यावर उशी घेऊन झोपायचं नाही.

औषध नॉर्मल सलाइनमध्येच मिसळतात. पंधरा मिनिटं ते अर्धा तास, औषध आणि डोसप्रमाणे. पाठीवर सपाट न झोपता डाव्या कुशीवर किंवा टेकून बसा, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. तोंडात धातूची चव आली तर घाबरू नका, ती जाते.

पूर्वी आधी थोडं औषध देऊन बघायची पद्धत होती. २०१३ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने ती बंद करण्याचा सल्ला दिला, कारण थोड्या डोसला काही झालं नाही म्हणून पुढच्या डोसला होणारच नाही असं नसतं. त्याऐवजी प्रत्येक वेळी, अगदी पाचव्या फेरीलासुद्धा, सलाइन संपल्यावर निदान ३० मिनिटं तिथेच थांबायचं. रिक्षा बाहेर उभी आहे हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही.

काही त्रास झाला तर

त्रास तीन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक कळला की भीती बरीच कमी होते.

पहिला, सुरू केल्यावर काही मिनिटांतच चेहरा लाल होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं, पाठीत किंवा सांध्यांत कळ. बीपी मात्र ठीक, श्वासाला घरघर नाही, ओठ-जीभ सुजलेली नाही. ही खरी अॅलर्जी नसते. सलाइन थांबवलं की थोड्या वेळात आपोआप ओसरते आणि मग बऱ्याचदा तेच सलाइन हळू वेगाने पुन्हा देता येतं. अशा वेळी घाईने अॅलर्जीची जुनी, गुंगी आणणारी इंजेक्शनं दिली तर बीपी पडून साधी गोष्ट गंभीर दिसायला लागते, म्हणून जाणकार डॉक्टर ती टाळतात.

दुसरा, खरी गंभीर अॅलर्जी. अंगभर पित्ताच्या गांधी, श्वास घुसमटणं, घरघर, ओठ-जीभ सुजणं, चक्कर येऊन बीपी कोसळणं. हे दुर्मीळ आहे. उपचार म्हणजे सलाइन बंद, मांडीत अॅड्रेनालिन, ऑक्सिजन, डावी कूस. आईचं बीपी पडलं की बाळाचे ठोकेही मंदावू शकतात, म्हणून बाळावरही लक्ष ठेवतात. ज्यांना हे एकदा झालं, त्यांना शिरेतून लोह पुन्हा देत नाहीत.

तिसरा, घरी गेल्यावर एक-दोन दिवसांत येणारी अंगदुखी, सांधेदुखी, डोकेदुखी, कणकण. दोन-चार दिवसांत जाते, पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या गरोदरपणात मनाने घेऊ नका. ताप चढत राहिला, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा धाप लागली तर फोनवर विचारत न बसता दाखवायला जा.

पायरी ६: पुढचा महिना

सलाइननंतर लोहाच्या गोळ्या लगेच चालू करायच्या नसतात. निदान पाच दिवस, आणि पूर्ण डोस मिळाला असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत थांबा. फोलिक अॅसिड मात्र बंद करू नका, आणि बी-१२ कमी निघालं असेल तर तेही चालू हवं. पेशी बनवायला तिन्ही लागतात.

लोह मिळाल्यावर साधारण आठवड्याभरात अस्थिमज्जेतून नव्या पेशी येऊ लागतात, दोन आठवड्यांत आकडा हलतो, पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून हिमोग्लोबिन दोन ते चार आठवड्यांनी तपासा. तिसऱ्या दिवशी तपासून निराश होण्यात अर्थ नाही. फेरिटिन तर महिनाभर बघूच नका. सलाइननंतर ते काही शेकड्यांत जातं, आणि "लोह जास्त झालं" म्हणून घरभर धावपळ होते.

हाच हिशेब उलटा लावा. ३२व्या आठवड्यात घेतलेलं सलाइन प्रसूतीपर्यंत आपलं काम करून मोकळं होतं. ३८व्या आठवड्यात घेतलेलं प्रसूतीच्या दिवशी फारसं दिसणार नाही, बाळंतपणानंतर सावरायला मात्र मदत करेल. म्हणून २८व्या आठवड्याच्या आसपासचं हिमोग्लोबिन चुकवू नका. काही करायला वेळ आहे तेव्हाच ते कळायला हवं.

चार आठवड्यांनीही निदान १ ग्रॅम वाढ नसेल तर आणखी एक बाटली मागण्याआधी पहिल्या पायरीकडे परत जा. पूर्ण डोस मिळाला का? बी-१२ बघितलं का? एचपीएलसी झालं का? कुठून रक्त जातंय का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का? लघवीचा संसर्ग आहे का?

प्रसूतीच्या वेळी रक्त जातंच, त्यामुळे बाळंतपणानंतर एकदा हिमोग्लोबिन करून घ्या. १० च्या खाली असेल तर उपचार पुढे चालू राहतात, गोळ्यांनी साधारण तीन महिने किंवा गरज पडली तर पुन्हा सलाइनने. अंगावर पाजताना दोन्ही चालतं. आणि रुग्णालयातून निघताना औषधाचं नाव, एकूण किती मिलिग्रॅम मिळालं, कोणत्या तारखांना मिळालं आणि काही रिअॅक्शन आली का, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. पुढच्या वेळी दिवस राहण्याचा विचार कराल, तेव्हा हे कार्ड आणि नवा फेरिटिनचा रिपोर्ट घेऊन आधीच डॉक्टरांकडे जाता येईल.